एकाच घरात धाकटीला ताप, आजीला काहीच नाही: असं का होतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: थोरल्याला ताप-खोकला झाला, तिसऱ्या दिवशी धाकटीनेही अंथरूण धरलं, आणि दोघांच्या उशाशी रात्री जागवणाऱ्या आजीला साधी शिंकही आली नाही. मग जंतू पसरतात तरी कसे, शरीर आतून काय करतं, आणि धाकटीची प्रतिकारशक्ती कमी पडतेय का, ती वाढवायला काही द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आईबापांचा जीव तिथेच अडकलेला असतो. ताप आला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, हे गणित चुकीचं आहे. ताप चढवते तीच मुळी प्रतिकारशक्ती. संसर्गजन्य आजारांच्या वॉर्डात २५ वर्षं काढल्यावर मी प्रत्येक रुग्णाकडे तीन प्रश्न मनात धरून बघते: जंतू कोणत्या वाटेने शिरले, किती शिरले, आणि शरीराला तयारीला किती दिवस मिळाले. एकाच घरातल्या माणसांची या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी निघतात.

आधी वाट. खोकताना, शिंकताना थेंब उडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुसतं बोलताना, गाताना, श्वास सोडतानाही ते बाहेर पडत असतात. जड थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. अगदी बारीक कण मात्र बंद खोलीत सिगारेटचा धूर कोंडून राहावा तसे हवेत तरंगत राहतात. गोवर हे याचं टोकाचं उदाहरण. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. लस न घेतलेल्या आणि आधी गोवर न झालेल्या दहा जणांचा त्याच्याशी जवळून संबंध आला, तर त्यांतल्या नऊ जणांना गोवर होतो. वर आणखी एक अडचण अशी की अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच मूल विषाणू पसरवत असतं. त्या दिवसांत नाक गळतं, डोळे लाल होतात, खोकला येतो. बघणारा सर्दीच म्हणेल. अशा मुलाचा गाल आतून टॉर्च मारून बघायची मला सवयच लागून गेली आहे. दाढांसमोरच्या लालबुंद अस्तरावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, की पुरळ यायच्या आधीच गोवर ओळखता येतो. हे ठिपके दोन-तीन दिवसांत नाहीसेही होतात. पण ते दिसेपर्यंत मूल वर्गात बसून, मित्रांबरोबर खेळून आलेलं असतं.

कोणता आजार आवरता येईल आणि कोणता हाताबाहेर जाईल, हे बऱ्याचदा या एका गोष्टीवर ठरतं: माणूस आजारी दिसायच्या आधी विषाणू पसरवतो की नंतर. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा जगभरात सुमारे ८ हजार रुग्ण झाले आणि काही महिन्यांत ती थांबली. कोविडचा विषाणू त्याच घराण्यातला, पण तो थांबला नाही. सार्समध्ये रुग्णाच्या शरीरातलं विषाणूचं प्रमाण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात कळसाला पोचायचं. तोवर माणूस रुग्णालयात वेगळा ठेवलेला असायचा. कोविडमध्ये ते लक्षणं सुरू होण्याच्या आसपासच शिगेला पोचायचं, म्हणजे घरात, कचेरीत, प्रवासात. फ्लूही ताप यायच्या आदल्या दिवसापासून पसरू लागतो आणि त्याचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, एक ते चार दिवसांचा. थोरल्याला ताप आल्यावर तुम्ही त्याला वेगळं निजवलं असेल, तरी आदल्या संध्याकाळी दोघं एकत्र खेळली असणारच. धाकटीचा ताप तिसऱ्या दिवशी यावा, हे त्यात अगदी बसतं. त्यामुळे आपली काळजी कमी पडली असं मनाला लावून घेऊ नका.

आता मात्रा, म्हणजे किती जंतू शिरले. तोंडावाटे जाणाऱ्या जंतूंमध्ये ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. पटकीचे, म्हणजे कॉलराचे, जिवाणू जठरातल्या आम्लात तग धरत नाहीत. स्वयंसेवकांवर जे अभ्यास झाले त्यांत असं दिसलं, की जठरातलं आम्ल शाबूत असेल तर आजार व्हायला कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात. तेच आम्ल आधी खाण्याच्या सोड्याने शमवलं, तर त्याच्या हजारो पटींनी कमी जिवाणू पुरतात. उलट रक्तमिश्रित आव पडायला लावणारे 'शिगेला' नावाचे जिवाणू आम्लाला दाद देत नाहीत, त्यामुळे ते अवघे १० ते १०० गेले तरी भागतं. म्हणून पटकी बहुतेक दूषित पाण्यातून गावंच्या गावं धरते, आणि शिगेला एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊन पाळणाघरातली मुलं धरतो. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरसही असाच. मोजके कण पुरतात. त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे हाताला लावायचं सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. फ्लू, कोविड यांचं चरबीचं आवरण अल्कोहोलने आणि साबणाने फाटतं. नोरोव्हायरस साबणाने मरत नाही, पण घासून धुतलं की हातावरून सुटून पाण्याबरोबर निघून जातो. घरात कुणाला उलट्या होत असतील तेव्हा बाटलीवर विसंबू नका, नळाखाली हात चोळून धुवा.

काही जंतू माणसाकडून माणसाकडे थेट जातच नाहीत. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि खोल जखमेतून शिरतात. डेंग्यूला डास लागतो. आणि डास म्हणजे काही दूषित सुई नव्हे. रुग्णाला चावल्यावर विषाणू आधी डासाच्या शरीरात वाढतो, त्याच्या लाळेपर्यंत पोचतो, आणि याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर तो डास आयुष्यभर डेंग्यू वाटत फिरतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाच्या ताटवाटीला घाबरायचं कारण नाही, पण त्याला मच्छरदाणीत मात्र ठेवायचं.

जंतू आत शिरल्यावर काय होतं, ते बोटात मोडलेल्या काट्यावरून सांगते. पहिल्या तासाभरात काट्याभोवती लाली येते, बोट ठणकू लागतं, गरम लागतं. काट्याबरोबर गेलेले जिवाणू तिथल्या पहारेकरी पेशींनी ओळखलेले असतात. या पेशींना जिवाणूचं नावगाव कळत नाही, पण माणसाच्या शरीरात कधीच नसतात असे रेणू त्यांना ओळखता येतात. त्या रसायनं सोडतात, त्यांनी बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती सैल होतात आणि पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून काट्याकडे सरकतात. त्यांतल्या सगळ्यांत आधी पोचणाऱ्या म्हणजे न्यूट्रोफिल. प्रौढ माणसाच्या हाडांतला मगज या पेशी रोज सुमारे १० हजार कोटी तयार करतो, आणि त्या जगतात जेमतेम एखादा दिवस. जिवाणू गिळायचे, मारायचे आणि तिथेच मरायचं. दुसऱ्या दिवशी बोटातून जो पू निघतो, तो बहुतांशी या मेलेल्या पेशींचा. १८८२ साली एली मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे खुपसून ठेवले आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. पेशी जंतूंना खातात ही कल्पना तिथून रुजली. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं.

जाता जाता बेडक्याच्या रंगाबद्दल. कफ हिरवा झाला की लोक अँटिबायोटिक मागायला येतात. तो हिरवेपणा जंतूचा नसतो, याच न्यूट्रोफिल पेशींमधल्या एका विकराचा (एन्झाइमचा) रंगच हिरवा आहे. विषाणूच्या साध्या सर्दीतही कफ हिरवा होतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही.

विषाणू आला तर पहिल्या फळीचं काम थोडं वेगळं चालतं. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी ते हुंगून आपली दारं लावून घेतात. विषाणूला आपल्यात वाढता येऊ नये अशी आतली तजवीज करतात. हे प्रथिन १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी शोधलं. त्याचा दुसरा चेहरा मी स्वतः पाहिलाय. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर आजच्या गोळ्या नव्हत्या तेव्हा आम्ही रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचो. इंजेक्शन दिलं की काही तासांत रुग्ण कुडकुडायला लागायचा, ताप चढायचा, सांधे-अंग मोडून यायचं, जेवण नकोसं व्हायचं. हुबेहूब फ्लू, आणि अंगात फ्लूचा एकही विषाणू नाही! तेव्हापासून मी फ्लूच्या रुग्णाला सांगते: ही अंगदुखी बहुतेक तुमच्या शरीराने लढायला काढलेल्या रसायनांची आहे.

तापाचंही तसंच. पांढऱ्या पेशींचे निरोप मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू शरीराचं तापमान वरच्या आकड्यावर लावतो. शरीर अजून त्या आकड्यापर्यंत पोचलेलं नसतं, म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते, हुडहुडी भरते. आकडा पुन्हा खाली आला की घाम फुटतो. पॅरासिटामॉल हा आकडा खाली आणतं. जंतूंना काही करत नाही. मूल बेचैन असेल तर वजनाप्रमाणे जरूर द्या, पण थर्मामीटर ३८ अंश सेल्सिअस दाखवतोय आणि मूल हसतंय-खेळतंय, तर आकड्याच्या मागे धावू नका. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र कधीच नाही. त्यातून यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा एक दुर्मीळ, पण गंभीर विकार होऊ शकतो.

पहिली फळी लढत असतानाच दुसऱ्या फळीची जुळवाजुळव सुरू होते, आणि मला विचाराल तर सगळ्यांत थक्क करणारा भाग हाच. काट्याजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. बोटाची जखम पिकली की काखेत गाठ येते, पायाची पिकली की जांघेत अवधाण येतं, ते यामुळे. ग्रंथीत टी आणि बी या दोन जातींच्या पांढऱ्या पेशी असतात. या पेशी तयार होताना त्यांच्या जनुकांचे तुकडे नव्याने जुळवले जातात, म्हणून जवळजवळ प्रत्येकीची ओळखण्याची खूण निराळी असते. माणसाची जनुकं २० हजारांच्या आसपास. तेवढ्यांतून कोट्यवधी प्रकारच्या अँटिबॉडी, म्हणजे बी पेशींनी सोडलेली, जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, कशा होतात, हे कोडं सुसुमु तोनेगावा यांनी सोडवलं आणि त्यासाठी १९८७ चं नोबेल मिळवलं. म्हणजे जो जंतू या पृथ्वीवर अजून जन्मलेलाही नाही, त्याला ओळखणारी पेशी तुमच्या मुलीच्या शरीरात आजच असू शकते. अडचण एवढीच की तशी पेशी लाखांत एखादी. ती सापडायची, तिला इशारा मिळायचा, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार करत तिची फौज उभी राहायची, यात आठवडा जातो. अँटिबॉडी रक्तात दिसायला लागतात त्या साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. आधी घाईघाईच्या, ढोबळ बसणाऱ्या आयजीएम, मग नेमक्या बसणाऱ्या आयजीजी. साध्या विषाणूचा आजार आठवड्याभराने उतरतो, त्यात या फौजेचा मोठा हात असतो.

लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात आणि थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात. त्या किती टिकतात? १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर आला आणि सुमारे ७८०० वस्तीपैकी ६००० च्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला. बेटांवर त्याआधी गोवर आला होता १७८१ साली, आणि मधली ६५ वर्षं तो तिकडे फिरकलाच नव्हता. पानुमला दिसलं की १७८१ मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. तेव्हा सुटलेले मात्र म्हातारपणीही सापडले. मधल्या काळात उजळणी नाही, तरी ६५ वर्षं शरीर विसरलं नव्हतं.

मग फ्लू पुन्हा पुन्हा का होतो? एक कारण विषाणू रूप बदलतो हे. दुसरं कारण वेळेचं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. स्मृतिपेशींनाही जागं होऊन अँटिबॉडीचा ओघ सुरू करायला तीन-चार दिवस लागतात. हिपॅटायटिस बी चा अधिशयन काळ दोन ते पाच महिन्यांचा. लस घेऊन वर्षं झाली आणि रक्तातल्या अँटिबॉडी मोजता येणार नाहीत इतक्या उतरल्या, तरी स्मृतिपेशींना उठायला भरपूर सवड मिळते. फ्लू दोन दिवसांत हातपाय पसरतो. तिथे नाकाघशात आधीपासून तयार अँटिबॉडी असतील तर लागण अडते, नाहीतर आजार होतो, फक्त सहसा सौम्य होतो. तुमच्या आजींनी आयुष्यभरात अशा कितीतरी विषाणूंशी गाठ घेतली आहे. या खेपेचा विषाणू त्यांच्या ओळखीतला असावा, किंवा आत गेलेली मात्रा थोडी असावी, किंवा त्यांना लागण होऊन लक्षणंच आली नसतील. तिन्ही गोष्टी घडतात. धाकटीची ती पहिलीच भेट असेल. लहान मुलं वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-तापाने आजारी पडतात आणि त्यात वावगं काही नाही.

शरीराच्या तयारीला मिळणारा वेळ किती मोलाचा असतो, ते रेबीजमध्ये दिसतं. कुत्रा चावल्यावर विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आतून मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. म्हणून चावल्यानंतर दिलेली लसही जीव वाचवते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली की मात्रा उतरते. जखमेत तयार अँटिबॉडी टोचल्या की पहिल्या आठवड्याची उणीव भरून निघते. लस शरीराला स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला लावते. मी पाण्याचा पेला बघून घसा आवळणारा रुग्ण पाहिला आहे. चावा लहान होता, रक्त फारसं आलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी हळद दाबून सोडून दिलं होतं. लक्षणं सुरू झाल्यावर आमच्या हातात काही उरत नाही. तो दिवस मी विसरलेले नाही.

आता 'प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं'. ती पंखा एकावरून पाचावर करावा तशी वाढवता येत नाही, आणि नुसती वाढली तर चांगलंच असतं असंही नाही. दम्याच्या रुग्णाला छळते ती नको तिथे पेटलेली प्रतिकारशक्तीच. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात, म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. प्रतिकारशक्तीला लागते ती पुरेशी झोप, पोटभर चौरस आहार, धूररहित हवा, आणि ओळख करून देणारी लस. लहानग्यांना यापेक्षा वेगळं टॉनिक मी लिहून देत नाही. गोवराची लस चुकवू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या आधी कमावलेल्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के पुसल्या गेल्या होत्या. लसीने असं काही होत नाही. आजींना या खेपेला काही झालं नाही म्हणून पुढच्या खेपेलाही होणार नाही असं धरू नका; त्यांच्या वयात फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरची लस घेतलेली बरी. आजाऱ्याच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

धाकटीकडे पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. ताप किती आहे यापेक्षा ती कशी दिसते ते बघा. श्वास भरभर चालतोय, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडतोय, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, हातपाय गार आणि निळसर-ठिपकेदार वाटतात, हाक मारली तरी नीट डोळे उघडत नाही, ताप उतरला तरी पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, मूल आणखीच मलूल होतंय: यांतलं एक जरी दिसलं तरी तिला तेव्हाच दवाखान्यात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.